घरी लिहिलेल्या रोलप्लेइंग मोहिमेवर अभिप्राय मागावा कसा आणि द्यावा कसा?

बुरुजावरची_घार

नमस्कार मंडळी.

आम्ही पाच जण गेली दोन वर्षे सोलापुरात, सात रस्त्याजवळ माझ्या घरी, एक रविवार सोडून एक रविवार 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती खेळतो. या खेळात एक जण गोष्ट सांगत खेळ चालवतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि अवघड कृतींचा निकाल फाशावर लागतो. आजवर मी इतरांनी लिहिलेल्या मोहिमाच, म्हणजे या खेळासाठी रचलेल्या कथाच, चालवल्या होत्या. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र पहिल्यांदाच स्वतःची मोहीम लिहून काढली. नगर काल्पनिक आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर आपला भुईकोट किल्ला, त्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव आणि पूर्व भागातल्या मागांचा खडखडाट होता. किल्ल्यातला एक विणकर नाहीसा झाला आहे आणि त्याच्या मागावर राहिलेल्या जकार्डच्या कार्डांत (नक्षी ठरवणाऱ्या, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत) तळघराच्या वाटेचा संकेत दडलेला आहे, असे कथेचे सूत्र आहे. संकेत उलगडायचा, विहिरीत उतरायचे आणि तळघर गाठायचे.

खेळ चार तास चालला. शेवटी मी विचारले, "कशी वाटली?" तिघांनी "मस्त!" म्हटले, चहाचे कप आवरायला मदत केली आणि ते गेले. चौथ्या मित्राचा रात्री अकरा वाजता भला मोठा संदेश आला: विहीर काढून टाक, खलनायक म्हणून विणकराचा भाऊ आण, मधल्या दोन खोल्यांची गरज नाही, शेवटी किल्ल्याला आग लागू दे. तो वाचून झाल्यावर मला वाटले की ही माझी मोहीम राहिलीच नाही. त्यानंतर तीन आठवडे मी ती वही उघडलेली नाही.

"मस्त" या शब्दावरून काय सुधारायचे ते कळत नाही आणि त्या संदेशावरून काय ठेवायचे ते कळत नाही. ज्यांनी स्वतः मोहिमा लिहिल्या आहेत, किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या मोहिमा खेळून त्यावर मत दिले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

हिप्परगा_काठ

घारताई, प्रथम ती वही उघडा. पहिल्याच प्रयत्नात अख्खी मोहीम लिहून ती चार तास चालवली, ही लहान गोष्ट नाही.

"कशी वाटली?" या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही, कारण ज्या घरी आपण चार तास बसलो, चहा घेतला, त्या घरच्या माणसाला तोंडावर कोणी वाईट सांगत नाही. मी हा प्रश्न विचारणे पूर्णपणे सोडून दिले आहे. खेळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे फोन करतो आणि एवढेच म्हणतो, "काल काय काय घडलं ते मला गोष्टीसारखं सांग." सांगणारा जिथे रंगतो तिथे मोहीम जमलेली असते. जो प्रसंग तो एका वाक्यात उरकतो किंवा साफ विसरतो, तिथे त्याचे लक्ष नव्हते असे समजावे. एकदा मी लिहिलेली एक मोठी लढाई चारही जणांच्या सांगण्यात आलीच नाही, आणि ती तर माझ्या मते मोहिमेचा कळस होती. कोणालाही वाईट न वाटता मला जे कळायचे होते ते कळले.

फाशांचा_हिशेब

विहीर काढून टाकावी असे त्या मित्राला का वाटले असेल, हे जाणून घ्यावेसे वाटते. विहिरीत उतरण्यासाठी किती आकडा ठेवला होता आणि तो किती जणांनी टाकायचा होता?

बुरुजावरची_घार

वीस बाजूंच्या फाशावर अ‍ॅथलेटिक्सचा रोल (म्हणजे ताकदीच्या कसरतीसाठी फासा टाकणे), गाठायचा आकडा १५. दोर एकच असल्यामुळे एका वेळी एकानेच उतरायचे, असे लिहिले होते. पहिली उतरणारी योद्धा होती आणि तिला फाशावरच्या आकड्यात अधिक ३ मिळत होते. तिचा रोल फसला, मग पुन्हा फसला. तिसऱ्या वेळी ती उतरली.

फाशांचा_हिशेब

मग दुखणे बहुधा इथेच आहे. अधिक ३ असताना १५ गाठायला फाशावर किमान १२ पडावे लागतात, म्हणजे वीसपैकी नऊ बाजू उपयोगाच्या. यशाची शक्यता ४५ टक्के. आपल्या गटातल्या सर्वांत बळकट माणसाला सुद्धा निम्म्याहून अधिक वेळा अपयश येणार, आणि अपयश आले की काहीच घडत नाही, फक्त पुन्हा फासा टाकायचा. चौघांनाही तेच अधिक ३ असते आणि चौघांनीही प्रयत्न करायचा असता, तर सगळेच फसण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास उतरली असती. एकाच दोरामुळे सगळी मोहीम एका फाशावर टांगली गेली.

आकडा कमी करा असे मी म्हणत नाही. फासा फसला तरी ती खाली पोहोचावी, पण त्याची काही किंमत द्यावी लागावी, असे करता येते: मशाल पाण्यात पडली, दोर कापला गेला, किंवा आवाजाने खालचा पहारेकरी जागा झाला. कथा थांबू नये.

लाल_पेन

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी वाचून अभिप्राय देते, खेळून नव्हे, आणि बराच काळ मला दोन्ही एकच वाटत असे. दोन मित्रांच्या मोहिमा मी पानोपान शुद्धलेखनासह तपासल्या. त्यांपैकी जी मला कागदावर उत्तम वाटली ती टेबलावर पहिल्या अर्ध्या तासातच रेंगाळली, कारण प्रत्येक खोलीचे वर्णन दहा-बारा ओळींचे होते. खेळ चालवणाऱ्याने तळघराचे सुंदर वर्णन वाचून दाखवले: ओलसर दगड, शेवाळ्याचा वास, छतावरून टपकणारे पाणी, भिंतीवरच्या सावल्या. ते संपल्यावर एका खेळाडूने विचारले, "म्हंजे दार कुठंय?" दार तिसऱ्या ओळीत येऊन गेले होते. आमच्या टेबलावर दोघे घरी तेलुगू बोलणारे आणि एक कन्नड बोलणारी आहे. मराठी सर्वांना उत्तम येते, परंतु ग्रंथातले लांब वाक्य कानांनी ऐकून त्यातले दार शोधणे कोणालाही अवघडच. तेव्हापासून मी वाचून अभिप्राय देताना सुरुवातीलाच लिहिते की हा वाचणाऱ्याचा अभिप्राय आहे, आणि ऐकवायचे वर्णन मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय त्यावर मत देत नाही.

खंदक

एक छोटी दुरुस्ती. याच मोहिमेचा सुरुवातीचा भाग ताईंनी मला वाचायला दिला होता. त्यात "कडा चढून किल्ल्यात शिरता येईल" असा पर्याय आहे. भुईकोटाला कडा कुठून येणार? तो सपाट जमिनीवरचा किल्ला आहे; त्याचे संरक्षण दुहेरी तटबंदी आणि खंदक करतात आणि एका अंगाला तलाव आहे. नगर काल्पनिक असले तरी सोलापूरचा खेळाडू डोळ्यांसमोर आपलाच किल्ला आणणार, त्यामुळे कडा वाचताच तो अडखळेल. त्याऐवजी रात्री तलावाच्या बाजूने डोणीतून येण्याचा पर्याय द्यावा.

ताणाबाणा

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे यंत्रमागावर काढली, म्हणून जकार्डचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. घारताई, तुमच्या कोड्यात कार्डातल्या छिद्राचा अर्थ काय धरला आहे?

बुरुजावरची_घार

छिद्र म्हणजे वाट आणि कोरी जागा म्हणजे भिंत. सगळी कार्डे क्रमाने एकाखाली एक लावली की तळघराचा नकाशा तयार होतो. खेळाडूंना हे उमगलेच नाही. पाऊण तास गेला आणि शेवटी मलाच सांगावे लागले.

ताणाबाणा

कल्पना फार चांगली आहे आणि ती तंत्राला धरून आहे. जकार्डमध्ये कार्ड सुयांवर येऊन टेकते. जिथे छिद्र आहे तिथे सुई आत शिरते, तिला जोडलेला आकडा (हुक) जागेवर राहतो, यंत्राची सुरी वर जाताना त्याला उचलते आणि ताण्याचा तो (उभा) धागा वर येतो. जिथे छिद्र नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुरीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. म्हणजे एक कार्ड ही बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) एका फेकीची आज्ञा असते. वडील कार्डांची माळ उजेडाकडे धरून नक्षीत चूक कुठे आहे ते सांगत, आणि लहानपणी मला तो चमत्कारच वाटत असे.

पण ज्याने माग पाहिलेला नाही त्याला हे कसे सुचावे? तुमच्या मोहिमेत विणलेले कापड कुठेच नाही, फक्त कार्डे आहेत. त्या विणकराच्या खोलीत एक चादर ठेवा. आपली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी नक्षी दाखवते आणि पालथी केली की रंगांची अदलाबदल होते: गडद ते फिके, फिके ते गडद, शिवाय डावे ते उजवे. सुलट बाजू पाहून चालणारा भिंतीवर आदळेल आणि चादर पालथी करणाऱ्याला खरी वाट दिसेल.

हिप्परगा_काठ

ताणाबाणा, तुमची सूचना वाचून मन हरखून गेले, तरीही मला इथे एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. धागाकर्तीची मूळ व्यथाच ही आहे की तिच्या मित्राने अडचण सांगण्याऐवजी उपाय सांगितले. आता आपणही तेच करत आहोत: डोणी आणा, चादर ठेवा, मशाल पाण्यात पाडा. अभिप्राय देणाऱ्याने "मला इथे पाऊण तास काय करावे ते सुचत नव्हते" एवढे सांगून थांबावे आणि मार्ग लेखिकेला शोधू द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

ताणाबाणा

आपला आदर राखून असहमती नोंदवतो. खेळाडू म्हणून बोलताना तुमचा नियम बरोबर आहे. परंतु मी इथे खेळाडू म्हणून बोललो नाही, मागाची माहिती असलेला माणूस म्हणून बोललो. चादर पालथी केली की रंग बदलतात हे मी सांगितले नसते, तर ताईंना ते ठाऊक असतेच असे नाही. माहिती असलेल्याने गप्प बसणे हाही अभिप्रायातला दोषच आहे. ती सूचना घ्यायची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

लाल_पेन

दोघांचेही म्हणणे एकाच प्रश्नावर येऊन ठेपते: लेखिकेने काय मागितले होते? मी मोहीम हातात घेण्याआधी विचारते की ही कोणत्या टप्प्यावर आहे. पहिला खर्डा असेल तर कल्पना सुचवलेल्या चालतात. छापायला द्यायची असेल तर त्याच कल्पना लेखकाला छळतात.

कोड्याबद्दल एक गोष्ट. रोलप्लेइंग खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये तीन धाग्यादोऱ्यांचा नियम मांडला. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे आपल्याला वाटते, त्याच्यासाठी किमान तीन खुणा पेराव्यात, असे तो सांगतो. कारण एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीकडे ते दुर्लक्ष करतात आणि तिसरीचा ते भलताच अर्थ लावतात. इथे आजवर एकच खूण होती. चादर घेतली तर दोन होतील.

अर्ध्या_वाटेवरचा_धनुर्धर

तो चौथा मित्र मी आहे. दोन दिवस हा धागा वाचतो आहे आणि आज लिहायचे ठरवले.

घार, तू तीन आठवडे वही उघडली नाहीस हे मला इथे वाचून कळले आणि फार वाईट वाटले. त्या रात्री मी जे लिहिले ते मदत म्हणूनच लिहिले होते, पण आता पुन्हा वाचले तेव्हा दिसले की त्या संपूर्ण संदेशात मी माझ्याविषयी एकही वाक्य लिहिलेले नाही. खरे काय घडले ते आता सांगतो. माझा धनुर्धर विहिरीच्या काठावर उभा होता. खाली एकजण उतरत होती, फासा फसत होता, आणि वर मला करण्यासारखे काहीही नव्हते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. माझी पुढची पाळी आली तेव्हा पाच पन्नास झाले होते. ती चाळीस मिनिटे मला एकटे पडल्यासारखे वाटले. "मला कंटाळा आला" असे तुझ्या घरून निघताना सांगणे जड गेले, म्हणून रात्री "विहीर काढून टाक" असे लिहिले. किल्ल्याला आग लावण्यामागेही तेच होते: शेवटी सर्वांना एकाच वेळी काहीतरी करायला मिळावे.

विहीर काढू नकोस. खाली काय आहे ते पाहायला मला फार आवडले असते.

बुरुजावरची_घार

हे तू लिहिलेस त्याबद्दल मनापासून आभार. त्या संदेशातल्या बारा सूचनांपेक्षा हे एक घड्याळ मला अधिक उपयोगाचे आहे. मी खेळ चालवत होते, खाली उतरणाऱ्या मैत्रिणीकडे माझे सगळे लक्ष होते, आणि काठावर तिघे नुसते उभे आहेत हे मला दिसलेच नाही. तुझ्या प्रत्येक सूचनेमागे असा एकेक प्रसंग असेल तर मी तो संदेश पुन्हा काढते आणि आपण फोनवर एकेक ओळ घेऊन बोलू. फक्त प्रत्येक ओळीला मी एवढेच विचारीन की त्या क्षणी तू काय करत होतास.

सावली

विहिरीचाच प्रसंग निघाला आहे म्हणून लिहिते. आमच्या गटात बुडण्याचे वर्णन चालू असताना एक मैत्रीण एकदम गप्प झाली आणि नंतर कळले की तिच्या घरी तशी दुर्घटना घडली होती. असा अभिप्राय खेळ संपल्यावर मिळून उपयोग नसतो. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड आम्ही आता टेबलाच्या मध्यभागी ठेवतो. कोणीही त्याला हात लावला की कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडून द्यायचा. मोहिमेच्या पहिल्या पानावर "यात विहीर, अंधार आणि पाणी आहे" अशी एक ओळ लिहिली तरी खूप फरक पडतो.

संमती_कट्टा

अशाच अगोदर द्यायच्या अभिप्रायाचे आणखी एक उदाहरण. एका तरुण मित्राने मोहिमेत सोलापुरातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा हे कोडे म्हणून वापरले होते आणि चुकीच्या क्रमाने गेल्यास शाप लागतो असे लिहिले होते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेली ती लिंगे, संक्रांतीच्या यात्रेत त्यांच्या तैलाभिषेकासाठी निघणारे सात नंदीध्वज, यांच्याशी सोलापूरकराचे नाते श्रद्धेचे आहे. माझ्या घरची माणसे त्या मिरवणुकीत चालतात. मी त्याला रागावलो नाही. यात्रेत माझ्याबरोबर चल, एवढेच म्हटले. तो आला, मिरवणुकीबरोबर चालला, आणि परतल्यावर त्याने आपणहून शाप काढून टाकला. त्याच्या मोहिमेत आता एक काल्पनिक नगर आहे, दिव्यांची प्रदक्षिणा आहे आणि ती करणाऱ्यांना गावकरी आपल्या घरी जेवायला बोलावतात. सगळ्याच गोष्टी वाक्यांत सांगता येत नाहीत, काही दाखवाव्या लागतात.

जुळे_सोलापूर

घारताई, आतापर्यंत ही मोहीम फक्त तुम्हीच चालवली आहे. ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलेले सगळे टेबलावर आपोआप येते आणि कागदावर काय सुटले आहे ते कधीच कळत नाही. मी ती माझ्या गटासाठी चालवायला तयार आहे. अट एकच: तुम्ही यायचे, पण खेळ संपेपर्यंत एकही शब्द बोलायचा नाही, मी चुकलो तरीसुद्धा.

बुरुजावरची_घार

अट मान्य आहे. चादर, डोणी आणि विहिरीचा नवा प्रसंग घालून आठ दिवसांत फाइल पाठवते. ती पुढे अनोळखी मंडळींनाही वाचायला द्यायची असेल तर नियमांच्या हक्कांची काही अडचण येईल का?

फाशांचा_हिशेब

पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ज्यात आहेत तो ५.१ क्रमांकाचा संदर्भ दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला आहे. त्यातलेच राक्षस आणि नियम वापरले असतील तर त्यात सांगितलेली श्रेयाची ओळ द्या आणि खुशाल वाटा. चित्रे मात्र कुठून घेतली आहेत ते तपासा.

बुरुजावरची_घार

काल जुळे सोलापूर यांच्याकडे खेळ झाला. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि वहीत फक्त वेळ आणि दिसलेली गोष्ट लिहिली. दोन वेळा "तसं नाही" असे ओठांवर आले होते.

सर्वांत मोठी चूक मला स्वप्नातही सुचली नसती. तळघरातल्या पहारेकऱ्याचा प्रसंग नवव्या पानावर आहे आणि त्याचे आकडे चौथ्या. लढाई सुरू झाल्यावर खेळ चालवणाऱ्याने नऊवरून चारवर, पुन्हा नऊवर, पुन्हा चारवर अशी पाने सहा वेळा उलटली, आणि प्रत्येक वेळी टेबलावरचे खेळाडू थांबून त्याच्या बोटांकडे पाहत होते. मला ते आकडे पाठ असल्यामुळे माझ्या घरी हे कधीच घडले नव्हते. विहिरीवर आता खाली उतरणारी योद्धा आणि वर दोर ओढून धरणारे बाकीचे, अशी सर्वांना कामे आहेत; तो प्रसंग बारा मिनिटांत झाला आणि रोल फसून मशाल विझली तेव्हा चौघेही एकदम ओरडले. विणकराच्या बायकोला मी जेमतेम दोन वाक्ये दिली होती, पण खेळाडूंनी तिला सोडलेच नाही. "हिला घरी एकटी कशी ठेवायची?" म्हणत ते तिला तळघरापर्यंत सोबत घेऊन गेले, आणि खेळ चालवणाऱ्याला तिच्यासाठी सगळे जागच्या जागी रचावे लागले. तिच्याबद्दल आता मी एक अख्खे पान लिहिणार आहे.

संपल्यावर मी कोणालाही "कशी वाटली?" असे विचारले नाही. आज सकाळी चौघांना फोन केले आणि गोष्ट सांगायला सांगितली. चौघांच्याही गोष्टीत ती बायको होती. मधल्या दोन खोल्या एकाच्याही गोष्टीत नव्हत्या. म्हणजे धनुर्धराची ती सूचना अगदी जशीच्या तशी बरोबर होती.

ताणाबाणा

आणि चादर?

बुरुजावरची_घार

कागदावर चित्र देण्याऐवजी घरची एक खरी चादर नेली होती आणि खेळ चालवणाऱ्याने ती काही न बोलता टेबलावर अंथरली. वीस मिनिटे चौघे कार्डे आणि नक्षी जुळवत बसले आणि नकाशा काही लागेना. मग त्यांच्यातल्या सर्वांत शांत मुलीने, बाकीचे वाद घालत असताना, नुसता हात फिरवत चादरीचा कोपरा उचलून मागे दुमडला. ती थांबली. मग तिने दोन्ही हातांनी अख्खी चादर पालथी केली आणि सगळ्यांना गप्प केले.

अर्ध्या_वाटेवरचा_धनुर्धर

मला उत्तर आता ठाऊक झाले, त्यामुळे पुढच्या वेळी मी खेळाडू म्हणून उपयोगाचा नाही. तू खेळ चालव, मी कोपऱ्यात बसून घड्याळ आणि वही सांभाळतो.